एक तारा, तोही नाइलाजाने

लेकीच्या प्रवेशाचे दाखले एकत्र जोडायला हे पीडीएफवालं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं जादा सॉफ्टवेअर, क्रोममध्ये घेतलं. दाखले जोडले, खोटं कशाला बोलू! पण दुसऱ्या दिवसापासून काहीही शोधलं की गूगलऐवजी भलतंच पान, वर जाहिरातींची जत्रा. घेतानाच त्याने सगळ्या वेबसाइटवरचा माझा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी मागितली होती. मी डोळे झाकून हो म्हटलं. अरे, दोन कागद चिकटवायला माझ्या बँकेच्या पानात कशाला डोकावायचंय? क्रोमचं सिंक चालू, म्हणजे एका कॉम्प्युटरवरचं दुसऱ्यावरही आपोआप येतं, म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही हेच पाहुणे हजर! शेवटी वरच्या कोपऱ्यातल्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हावर क्लिक करून एक्स्टेंशन काढून टाकलं, तेव्हा गूगल परत आलं. आता दाखले कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेच, १० रुपयांत.