घराला जोडलेला डेक की सुटा? न्यू जर्सीत परमिटचा अर्ज भरण्याआधी

बर्फ वितळलं की आमच्याकडे, म्हणजे एडिसन-पिस्कॅटवेच्या पट्ट्यात, मराठी घरांमध्ये एक वाद हमखास रंगतो: डेकला, म्हणजे घरामागच्या फळ्यांच्या उघड्या चौथऱ्याला, लाकूड घ्यायचं की कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी). दुकानातून फळ्यांचे नमुने येतात, ते आठवडाभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडून राहतात, राखाडी की तपकिरी यावर मुलांचीही मतं घेतली जातात. मग कोणीतरी टाउनशिपच्या (इथल्या नगरपालिकेच्या) ऑफिसात जातं आणि तिथे फळीबद्दल कोणी अवाक्षरही विचारत नाही. डेक घराला जोडलेला आहे का, जमिनीपासून किती उंच आहे आणि हद्दीपासून किती लांब आहे, एवढंच ते विचारतात.

खरा निर्णय याच प्रश्नांत आहे. पाया किती खोल खणायचा, भिंत फोडायची की नाही, कठडा लागेल का, किती वेळा इन्स्पेक्टर येणार, हे सगळं याच उत्तरांवर ठरतं, आणि त्यातलं बरंचसं जोडलेला की सुटा यावर. आमच्या घरी जोडलेला डेक आहे, माझ्या भावाकडे सुटा. दोन्ही कामांत मी नकाशापासून शेवटच्या तपासणीपर्यंत होते, म्हणून हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून सांगते.

जोडलेला डेक: खांब कमी, पण सगळी भिस्त भिंतीवर

घराच्या मागच्या भिंतीला एक जाड लाकडी पट्टी बसवतात. तिला लेजर बोर्ड म्हणतात. वाशांचं एक टोक या पट्टीवर, दुसरं टोक बाहेरच्या तुळईवर. घराकडच्या बाजूला खांबच नाहीत, त्यामुळे खड्डे निम्मे होतात आणि काम आटोपशीर दिसतं. दार उघडलं की थेट डेकवर पाऊल पडतं, मध्ये फट नाही.

पण त्या पट्टीवर किती भार येतो बघा. अमेरिकेत घरांसाठी जी आयआरसी संहिता वापरतात (न्यू जर्सीत तिचीच राज्यापुरती सुधारलेली आवृत्ती चालते), ती डेकसाठी दर चौरस फुटाला ४० पौंड भार धरते. १२ बाय १६ फुटांचा डेक म्हणजे १९२ चौरस फूट, म्हणजेच ७,६८० पौंड, जवळजवळ साडेतीन टन. त्यातला साधारण अर्धा वाटा भिंतीवरच्या त्या एका पट्टीवर येतो. गणपतीच्या जेवणाला चाळीस-पन्नास माणसं डेकवर उभी राहिली तर हा आकडा कागदावरचा राहत नाही.

म्हणून संहिता इथे कडक आहे. लेजर बोर्ड नुसत्या खिळ्यांवर चालत नाही, कारण ओढ लागली की खिळा हळूहळू उपसून येतो. अर्धा इंच जाडीचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू (लाकडात पिळून बसवायचे जाड स्क्रू) लागतात, आणि त्यांच्यातलं अंतर वाशांच्या गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या लांबीवर, ठरतं. १२ फुटांच्या गाळ्याला लॅग स्क्रू १५-१५ इंचांवर बसतात. डेक भिंतीपासून बाहेर ओढला जाऊ नये यासाठी लोखंडी पकडीही लागतात: दोन ठिकाणी प्रत्येकी १,५०० पौंडांच्या, किंवा चार ठिकाणी ७५० पौंडांच्या.

दुसरा शत्रू पाणी. लेजर बोर्ड बसवण्याआधी व्हायनल साइडिंग (भिंतीवरचं प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण) कापून काढावं लागतं, आणि पट्टीच्या वर असा पत्रा बसवावा लागतो की पाणी भिंतीत न शिरता बाहेर पडेल. याला फ्लॅशिंग म्हणतात. कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या हल्लीच्या लाकडात तांबं असतं, त्यामुळे साधा ॲल्युमिनियमचा पत्रा त्याला थेट टेकवला तर तो गंजतो. बाहेरून हे काहीच दिसत नाही. पण चुकलं तर पाच-सात वर्षांनी भिंतीतलं लाकूड भुसभुशीत होतं आणि वरच्या फळ्या नव्यासारख्या चमकत असतात. १६ जून २०१५ ला कॅलिफोर्नियात बर्कलीला बाल्कनी कोसळून सहा तरुण गेले, त्यामागे पाणी मुरून कुजलेले वासेच होते. ती बाल्कनी होती, डेक नव्हे; पण कुजणं तेच.

आणि काही भिंतींना डेक जोडताच येत नाही. विटांचा दर्शनी थर असेल तर त्यावर लेजर बोर्ड बसवायला संहितेची मनाई आहे. ती वीट शोभेची असते, भार पेलणारी नसते. घराचा जो भाग पायाच्या पुढे अधांतरी आलेला असतो, ब्रेकफास्ट एरियाची खिडकी वगैरे, तिथेही साध्या पद्धतीने चालत नाही.

भावाच्या घराची मागची भिंत नेमकी विटांची. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने सरळ सांगितलं, "विटेतून लांब बोल्ट घालतो, सगळे असंच करतात." परमिटची गरज नाही, असंही तोच म्हणाला. भावाने तरीही नकाशा टाउनशिपकडे नेला आणि तो लेजरच्या मुद्द्यावरच परत आला. त्या दिवशी त्याला राग आला होता. मला मात्र आजही वाटतं की परमिटच्या फीचे पैसे त्याच एका शेऱ्यात वसूल झाले.

सुटा डेक: भिंत सुरक्षित, पण खणणं जास्त

सुटा डेक स्वतःच्या खांबांवर उभा असतो, घराला फक्त खेटून. भिंत फोडायची नाही, साइडिंग कापायचं नाही, पाणी मुरण्याची भीती नाही. जुन्या घराच्या भिंतीत काय दडलंय याची खात्री नसेल तर मला हाच मार्ग निर्धास्त वाटतो.

मात्र घराच्या बाजूलाही तुळई आणि खांब लागतात, म्हणजे खड्डे वाढले. हे खड्डे थंडीत जमीन गोठते त्या पातळीच्या खाली जावे लागतात, नाहीतर गोठलेली माती फुगून पाया वर उचलते. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी ही खोली ३६ इंच धरतात. शिकागोत ४२ इंच, मिनेसोटाच्या उत्तर भागात ६० इंच, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाचा नकाशा उचलून इथे वापरू नका.

घराजवळच्या खांबांची एक अडचण मला कोणी आधी सांगितली नव्हती. बेसमेंट असलेल्या घराभोवतीची माती बांधकामाच्या वेळी उकरून परत भरलेली असते, ती कधीच पुरती दबत नाही. अमेरिकन वुड कौन्सिलची डीसीए ६ नावाची डेकची मार्गदर्शिका विनामूल्य मिळते. तिच्यानुसार भिंतीपासून ५ फुटांच्या आत पाया घेतला तर तो घराच्या पायाइतक्याच पातळीवर टेकायला हवा. म्हणजे ३६ इंच विसरा, सात-आठ फूट खाली जा. भावाकडे त्यासाठी स्क्रूसारखे जमिनीत फिरवत नेतात ते पोलादी खांब, हेलिकल पाइल, घेतले. खर्च वाढला, पण ढिगारा निघाला नाही आणि काम पटकन उरकलं.

शिवाय सुट्या डेकला धरायला भिंत नाही, त्यामुळे तो डुलू शकतो. डीसीए ६ च्या हिशोबाने २ फुटांपेक्षा उंच सुट्या डेकला तिरके आधार लागतात. ते खाली दिसतात आणि काहींना खटकतात. मला खटकत नाहीत. पन्नास माणसं एका बाजूला फोटोसाठी सरकतात तेव्हा तेच डेक सावरतात.

ठेंगण्या सुट्या डेकला मोठी सवलत आहे. २०० चौरस फुटांपर्यंतचा, जमिनीपासून २० इंचांहून उंच नसलेला, वासे थेट तयार काँक्रीट ठोकळ्यांवर टेकलेले, असा सुटा डेक असेल तर गोठणपातळीपर्यंत खणण्यातून आयआरसी सूट देते. आयआरसीच्या मूळ मजकुरात २०० चौरस फुटांच्या आतल्या, ३० इंचांपेक्षा कमी उंचीच्या, घराला न जोडलेल्या आणि मुख्य दाराला न लागणाऱ्या डेकला परमिटही लागत नाही, आणि हेच वाक्य इंटरनेटवर सगळीकडे फिरतं. पण न्यू जर्सीने त्या संहितेचं प्रशासकीय प्रकरण काढून स्वतःचे नियम लावले आहेत. त्यामुळे इथे ती सवलत गृहीत धरू नका, टाउनशिपला विचारा.

कठडा आणि पायऱ्या दोघांनाही सारख्याच

डेकचा पृष्ठभाग जमिनीपासून ३० इंचांपेक्षा उंच असला की कठडा सक्तीचा, किमान ३६ इंच उंच. गजांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये, कारण लहान मुलाचं डोकं अडकतं. ३० इंच मोजताना कडेपासून ३६ इंच बाहेरपर्यंतची जमीन बघतात. उतारावरचं परसदार असेल तर इथे फसगत होते.

पायऱ्यांमध्ये लोक नापास होतात ते उंचीतल्या फरकावर: सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगणी पायरी यांत ३/८ इंचांहून जास्त फरक चालत नाही. शेवटची पायरी जमिनीला टेकते तिथे हटकून गडबड होते.

डेकच नको असेल तर

मागचं दार जमिनीपासून एक-दोन पायऱ्यांवरच असेल तर माझं स्पष्ट मत: डेक बांधू नका, पेव्हरचा (फरसबंदीच्या ठोकळ्यांचा) पॅटिओ करा. आपल्या ओट्यासारखाच तो. कठडा नाही, वासे नाहीत, कुजणं नाही. बघायचं ते पाण्याचा उतार घराकडे होत नाही ना, आणि टाउनशिप पॅटिओचं क्षेत्र लॉट कव्हरेजमध्ये, म्हणजे प्लॉटचा किती भाग झाकलाय त्या हिशोबात, मोजते का. काही ठिकाणी फटींतून पाणी झिरपू देणारा डेक मोजत नाहीत पण पॅटिओ मोजतात. कव्हरेज आधीच काठावर असेल तर हा एकच मुद्दा निकाल फिरवतो.

कागद

आधी झोनिंग (प्लॉटवर काय आणि कुठे बांधता येईल याची मंजुरी), मग बांधकामाचं परमिट. झोनिंगला घर घेताना मिळालेला सर्व्हे (प्लॉटच्या हद्दींचा मोजणी-नकाशा) लागतो; त्यावर डेक मापाने काढून हद्दीपासूनची अंतरं दाखवायची. अंतर कमी पडलं तर व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून खास सूट, मागावा लागतो, आणि त्यासाठी २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दोन फुटांसाठी हा खटाटोप करण्यापेक्षा डेक दोन फूट लहान करा. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर तिची परवानगी वेगळी.

बांधकामाच्या पूर्ण अर्जावर राज्याच्या नियमाप्रमाणे २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळायला हवं. म्हणजे मेमोरिअल डेला (मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी) डेकवर बसायचं असेल तर कागद थंडीतच द्यायला हवेत.

स्वतः राहत असलेल्या एककुटुंबी घराचा नकाशा मालक स्वतः काढून सही करू शकतो. आमच्याकडे आम्ही तसंच केलं, आणि त्यामुळे आमचा डेक आम्हाला कळला. पण कॉन्ट्रॅक्टर बांधणार असून तो म्हणाला, "परमिट तुम्हीच तुमच्या नावावर काढा, मालक स्वतः काम करतोय असं लिहा," तर तिथेच थांबा. त्याची राज्याकडची नोंदणी मागा, क्रमांक १३व्हीएच असा सुरू होतो. ५०० डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार बंधनकारक आहे.

खणण्याआधी ८११ ला फोन. फोन फुकट आहे, गॅसची आणि विजेची लाइन कुठून जाते ते येऊन खुणा करतात. खड्डे खणून झाले की काँक्रीट ओतण्याआधी तपासणी, सांगाड्याची तपासणी, मग शेवटची. प्रत्येकीसाठी किमान २४ तास आधी कळवायचं. आमचा एक खड्डा ३१ इंच भरला. इन्स्पेक्टरने टेप लावली आणि काँक्रीटचा ट्रक आम्हाला दुसऱ्या दिवसावर ढकलावा लागला. शेवटी जे प्रमाणपत्र मिळतं ते घराच्या फाइलमध्ये ठेवा. अनेक टाउनशिप घर विकताना तपासणी करतात, आणि कागद नसलेला डेक तेव्हा, सर्वांत अवेळी, वर येतो.

आता फळी

सांगाडा दोन्हीकडे प्रक्रिया केलेल्या लाकडाचाच असतो. कॉम्पोझिट खांब-वाशांना चालत नाही, ते फक्त वरचं आवरण. त्याला वासे सहसा १६ इंचांवर लागतात, तिरक्या मांडणीला १२ इंचांवर. रीमॉडेलिंग मासिकाच्या २०२४ च्या पाहणीत १६ बाय २० फुटांच्या लाकडी डेकचा देशभरचा सरासरी खर्च सुमारे १७,६०० डॉलर आला, कॉम्पोझिटचा सुमारे २४,२००. त्याच पाहणीत घर विकताना लाकडाचे सुमारे ८३ टक्के परत आले, कॉम्पोझिटचे ६८.

लाकडाला दर दोन-तीन वर्षांनी सीलर मारावं लागतं, कुसळं निघतात. कॉम्पोझिट पुसलं की झालं, पण जुलैच्या दुपारी गडद रंगावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही, आणि आपण तर अनवाणीच वावरतो. तुळशीची कुंडी दोन्हीवर उंच स्टँडवर ठेवा, खाली ओल साचते. जुना डेक २००४ च्या आधीचा असेल तर त्याच्या लाकडात आर्सेनिक असण्याची बरीच शक्यता आहे. ते जाळू नका, वाफ्याच्या कडेलाही लावू नका.

भावाने भिंतीवर वाचलेले पैसे हेलिकल खांबांत घातले आणि वर साधं लाकूड टाकलं. आम्ही आधी उत्तम फ्लॅशिंग आणि बोल्ट घेतले, उरलेल्या पैशांत फिक्या रंगाचं कॉम्पोझिट बसलं. पापडाचं वाळवण त्यावर दोन दिवसांत कडक होतं.