चीन ते डुइसबुर्ग मालगाडी: कोणत्या मालासाठी घ्यावी, कोणत्या नाही

चीनमधल्या चोंगछिंगहून ई-बाइकच्या मोटारी जर्मनीत आणायच्या तर विमानाचं भाडं सगळा नफा खाऊन टाकतं. जहाज स्वस्त, पण पाच-सहा आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि त्यावर आणखी दीडेक आठवडा वाढला. आमच्या कंपनीत खरेदी माझ्याकडे आहे. चिनी नववर्षाच्या सुट्टीआधी निघालेला माल मार्चमध्ये दुकानांत लागला नाही, तर सायकलींचा हंगाम हातचा जातो. तेवढ्या मालापुरती मी मालगाडी घेते. बाकी वर्षभराचं जहाजानेच.

चोंगछिंग ते जर्मनीतलं डुइसबुर्ग हा २०११ पासून चालणारा मार्ग साधारण ११,००० किलोमीटरचा. कझाकस्तान, रशिया, बेलारूस, पोलंड करत कंटेनर अडीच आठवड्यांच्या आसपास पोचतो. म्हणजे सगळं सुरळीत असेल तर. चीन आणि पोलंडचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,४३५ मिलिमीटर, मधल्या देशांचं १,५२०. त्यामुळे दोन्ही सीमांवर क्रेनने कंटेनर उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवावे लागतात. गाडी धावते झकास, वेळ खातात ती ही दोन ठिकाणं, त्यातही पोलंडमधलं मावाशेविचे. मी मूळची उरणची, न्हावाशेव्याला जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगा बघतच वाढले. तरी मावाशेविचेची रांग डोक्याला ताप देते, कारण ती कधी हलेल हे फॉरवर्डरलाही, म्हणजे मालवाहतूक ठरवून देणाऱ्या एजंटलाही, सांगता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडने बेलारूसची सीमा जवळपास दोन आठवडे बंद ठेवली, तेव्हा गाड्या जागच्या जागी थांबल्या. समुद्रात निदान वळसा तरी घालता येतो. इथे कॅस्पियन समुद्रमार्गे कझाकस्तानचं अक्ताऊ ते अझरबैजानचं बाकू असा पर्याय आहे, पण त्यात मध्येच कंटेनर जहाजावर चढवायचे आणि उतरवायचे, म्हणजे घाईच्या मालाला तो निरुपयोगी.

दराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. चीनमधली स्थानिक सरकारं या गाड्यांना अनुदान देत आली आहेत. आजचा दर धरून वर्षाचं बजेट मांडू नका.

नव्या आयातदारांना सगळ्यात जास्त नडतो तो कागद. जहाज कंपनी माल चढवल्यावर देते त्या बिल ऑफ लेडिंगवर मालाची मालकी ठरते, बँक त्यावर पैसे मोकळे करते. रेल्वेच्या वेबिलला, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीला, तो मान नाही. मग बँक एलसीला (पुरवठादाराला पैसे देण्याच्या हमीपत्राला) कुरकुरते आणि पुरवठादार आगाऊ रक्कम मागतो. दिवस वाचले म्हणून खूश व्हावं, तर पैसा आधीच अडकलेला. विमा काढताना रशियातून जाणारा माल पॉलिसीत बसतो का, हे लेखी घ्या. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर ते गृहीत धरता येत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. महाग, वजनदार आणि तारखेला बांधलेला माल असेल तर जरूर घ्या. हेल्मेट, टायर, मडगार्ड असल्या गोष्टींसाठी मुळीच नको. पुण्याहून सुटे भाग मागवणारे ओळखीचे लोक विचारतात, आम्हाला मिळेल का ही गाडी? नाही. भारतातून युरोपपर्यंत अशी सलग मालगाडी चालतच नाही.

आणि हिवाळ्यात ई-बाइकचे डिस्प्ले पाठवत असाल तर कंटेनरला आतून थर्मल अस्तर मागा. कझाकस्तानात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. आमच्या फॉरवर्डरने हे स्वतःहून कधीच सांगितलं नाही. त्याचे पैसे वेगळे पडतात, कोटेशनमध्येच लिहून घ्या.