‘न फोडता संडासाची गळती बंद’ : पत्रक पाहून काम देण्यापूर्वी हे वाचा

पुण्यातील पेठांमध्ये वाडे पाडून १९७० आणि १९८० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींत ज्यांची घरे आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहीत आहे. या इमारतींत संडासाचे ड्रेनेज बहुधा बिडाच्या पाइपांचे असते, त्यांचे सांधे सुतळी आणि वितळलेले शिसे ठासून केलेले असतात, आणि भांड्याखालचा सगळा भाग राबिट (विटांचे तुकडे आणि चुरा) भरून फरशीखाली गाडलेला असतो. पाणी नेमके कोठून गळते हे वरून दिसत नाही, आणि फसवणाऱ्यांचा धंदा याच न दिसण्यावर चालतो.

आमच्या खालच्या मजल्यावरील काकूंच्या संडासाच्या छताचे पोपडे निघून पाणी ठिबकू लागले. त्या वयस्कर, सोवळेओवळे पाळणाऱ्या. वरच्या संडासाचे पाणी आपल्या घरात पडते आहे याचा त्यांना फार त्रास होत होता. त्याच सुमारास वर्तमानपत्रातून एक पत्रक आले : फोडकाम नाही, एका दिवसात गळती बंद, दहा वर्षांची लेखी गॅरंटी. आलेल्या गृहस्थाने ओल मोजण्याचे यंत्र छताला टेकवले, ते वाजल्यावर ‘स्लॅबच गळतोय’ असे सांगितले, आणि रसायन भरण्यासाठी छताला पाडायच्या एका भोकाला साडेतीनशे रुपये या दराने सुमारे पंचवीस भोकांत काम होईल असा हिशेब मांडला. आमच्या भांड्यात त्याने बादलीभर पाणीसुद्धा ओतून पाहिले नाही.

काकूंच्या छताला भोके पाडून नोझल ठोकल्या आणि पंपाने रसायन भरले. पाण्याशी संबंध येताच ते फेसासारखे फुगते, त्यामुळे ठिबकणे लगेच थांबले. त्यानंतर हातात पडलेल्या बिलात मात्र भोकांच्या ८,७५० रुपयांखाली आणखी एक ओळ होती : रसायन ३८ लिटर, प्रतिलिटर १,२०० रुपये, एकूण ४५,६००. भोकाचा दर केवळ मजुरीचा असतो, असे आता सांगण्यात आले. पाच-पाच लिटरचे दोनच डबे, तेही सील आधीच फुटलेले, काकूंच्या मोरीत ठेवलेले होते आणि माझ्या मुलाने त्यांचा फोटो काढून ठेवला होता. तिसरा डबा घरात आलाच नव्हता. पैसे मिळेपर्यंत नोझल काढणार नाही आणि भोकेही बुजवणार नाही, असे म्हणून माणसे बसून राहिली. काकूंकडे पाहून ४५,००० वर तडजोड करावी लागली.

काही आठवड्यांतच ओल पुन्हा दिसली, आणि ती काकूंच्या बोळातील ट्यूबलाइटच्या पट्टीशी. फेसाने जुनी वाट बुजली होती, गळती चालूच होती. राबिटात साठलेले पाणी स्लॅबमधील वायरिंगच्या नळीतून बाहेर पडत होते. संडासाच्या गळतीत याहून घातक काही नसेल. फोन केला तेव्हा गॅरंटीच्या मागील बारीक अक्षरांकडे बोट दाखवण्यात आले : ‘पाइपलाइनमधील दोष वगळून’. दोष पाइपलाइनमध्येच असताना त्या कागदाला काय किंमत उरते?

नंतर ओळखीच्या जुन्या प्लंबरने जे केले, ते कोणीही पैसे देण्यापूर्वी करून घ्यावे. नळाचे पाणी चालू ठेवून रात्रभर संडास वापरू दिला नाही. ठिबकणे थांबले, म्हणजे नळाची लाइन ठीक होती. सकाळी रंग कालवलेले पाणी भांड्यात ओतले, तेव्हा थोड्या वेळाने खाली तोच रंग उतरला. भांडे काढल्यावर ट्रॅपच्या (भांड्याखालच्या, पाणी अडवून ठेवणाऱ्या वाकड्या नळीच्या) पुढचा बिडाचा पाइप तळाकडून इतका सडलेला निघाला, की स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबताच आत गेले. वरून तो धडधाकट दिसत होता. तेवढा भाग पीव्हीसीचा टाकून वॉटरप्रूफिंग केले, आणि फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी कोंडून पाहिले. फरशीसह हे सगळे ३२,००० रुपयांत झाले.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक ड्रेनेज लाइनच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, तर घरातील संडास, सिंक यांच्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो. त्यामुळे गळतीचे मूळ आधी शोधणे पैशाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. ते न शोधता रसायन भरणारा माणूस सोसायटीचे कामही तुमच्या माथी मारू शकतो. दर भोकाचा, लिटरचा की चौरस फुटाचा, हे कामाआधी लिहून घ्यावे, आणि डबे सीलबंद असताना मोजावेत.

सदोष सेवेबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आमच्या तक्रारीला डब्यांचे फोटो, बिल आणि यूपीआयची नोंद जोडली आहे. विरुद्ध पक्षाचा पत्ता मात्र पत्रकावर, बिलावर आणि गॅरंटीच्या कागदावरही नव्हता, सगळीकडे केवळ मोबाइल क्रमांक होता; तो पत्ता मिळवण्याची खटपट अजून चालू आहे.