शाळेच्या बसमधील कॅमेरा-संच : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

पालक-शिक्षक संघाच्या निधीतून आमच्या शाळेच्या बसमध्ये कॅमेरे, रेकॉर्डर आणि चालकाजवळची लहान स्क्रीन असा संच शाळा सुरू होताना बसवण्यात आला. मागच्या बाकांवरची ढकलाढकली, खिडकीबाहेर जाणारे हात आणि लहानग्यांच्या डब्यांवर होणारी चढाई आटोक्यात यावी, एवढाच हेतू होता. आता वॉरंटी संपली असून देखभाल-करारासाठी विक्रेत्याचे फोन सुरू झाले आहेत, म्हणून बसची देखरेख माझ्याकडे असल्याच्या नात्याने हे लिहीत आहे. चित्राचा दर्जा आणि साठवणक्षमता माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणेच आहे.

माझा राग आहे तो घड्याळावर. हा रेकॉर्डर वेळ जीपीएसवरून घेतो आणि बसवणाऱ्याने भारतीय वेळ निवडलेली नसल्यामुळे पडद्यावर जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ, उमटत होती. सकाळी सव्वासातची फेरी रात्री पावणेदोनला झाल्याचे दिसे, ते हसून सोडून देता आले असते. परंतु दुपारी दीड वाजता मुलांना डिचोलीहून मयेकडे घरी सोडणारी फेरी सकाळी आठची म्हणून नोंदली जाई आणि ती वेळ सहज खरी वाटे. दुपारच्या अशाच एका फेरीत एका मुलाने दुसऱ्याचा चष्मा मोडला. मोडणाऱ्या मुलाच्या वडिलांना चित्रण दाखवले, तेव्हा त्यांनी वेळेवर बोट ठेवून सांगितले, "सर, त्या दिवशी सकाळी मी स्वतः त्याला स्कूटरवरून शाळेत सोडला होता." ते खरेही होते. चष्म्याचा खर्च अखेर संघाने सोसला.

दुरुस्ती म्हणजे मेनूमधील एक ओळ बदलणे. पण पासवर्ड विक्रेत्याकडे, तंत्रज्ञ यायचा तो म्हापशाहून, आणि सेटिंग वॉरंटीत येत नसल्यामुळे त्याच्या भेटीचे शुल्क वेगळे. आपण विकत घेतलेल्या वस्तूचे घड्याळ लावण्यासाठी पुन्हा पैसे का मोजावेत, हे मला आजही कळलेले नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र गेल्यावर पासवर्ड निमूटपणे व्हॉट्सअॅपवर आला.

तोवर संच परत करावा या मताचा मी होतो. वेळ जुळल्यावर ते मत बदलले. कोणी कोणाला आधी मारले यावर पालकांमध्ये होणारे वाद आता चित्रण पाहून लवकर मिटतात. मुलांचे वागणे मात्र कॅमेऱ्यामुळे सुधारले, असे मी म्हणणार नाही. सुरुवातीला तर स्वतःची छबी स्क्रीनवर पाहण्यासाठी मुले चालत्या बसमध्ये उभी राहून वाकुल्या दाखवीत. स्क्रीन चालकाकडे पूर्ण वळवल्यावर तो प्रकार थांबला. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते, आणि खोड्यांचे ठिकाण नेमके तेच.

शाळेच्या बसमध्ये मुलांकडे लक्ष देणारी व्यक्ती असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगून ठेवले आहे. गोवा सरकारच्या योजनेतून शाळांना मिळालेल्या बालरथ बसगाड्यांप्रमाणे आमच्याही बसमध्ये अटेंडंट आहेत. या मावशींनी उतरण्याच्या क्रमाने प्रत्येकाची जागा ठरवून दिली, प्राथमिकची मुले पुढे घेतली, नेहमी भांडणाऱ्या दोघांपैकी एकाला आपल्या शेजारी आणि दुसऱ्याला चालकामागे बसवले, आणि खिडक्या लावण्याचे काम दहावीच्या मुलांवर सोपवले. समोरून खनिजवाहू ट्रक येत असताना चालकाला मागे वळून ओरडावे लागत नाही, हे श्रेय त्यांचे आहे.

देखभाल-करार मी नाकारला आहे, कारण त्यात प्रामुख्याने काचा पुसणे आणि वायरी तपासणे आहे. काचा मावशी रोज सकाळी पुसतात आणि वायरी आमचा गॅरेजवाला पाहतो. हा संच घेणाऱ्यांनी पासवर्ड बिलावरच लिहून घ्यावा आणि स्क्रीनवरची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिल्याशिवाय धनादेश देऊ नये.