जिमनी आणि पानशेतमागच्या वाटा: वापरानंतरचा अनुभव

मारुतीच्या पाचदारी जिमनीवर, म्हणजे चारही चाकांना जोर देऊ शकणाऱ्या छोट्या गाडीवर, आता पावसाळा आणि हिवाळा दोन्ही काढून झाले. घेताना नातेवाइकांनी विचारलं होतं, "एवढ्या पैशात एवढीशीच?" (पुण्यात प्रश्न विचारताना कोणी हात आखडता घेत नाही.) तर हो, एवढीशीच, आणि म्हणूनच घेतली.

पानशेतच्या मागे, वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांना जाणाऱ्या वाटांना एका अंगाला दरड असते, दुसऱ्या अंगाला भातखाचराचा बांध. जिमनीची रुंदी १,६४५ मिलिमीटर, महिंद्रा थारची १,८२०. समोरून बैलगाडी आली की हा फरक कळतो. बांधावर चाक घालायची वेळ येत नाही, आणि शेतकऱ्याचा बांध मोडून फिरायला जाणाऱ्यांबद्दल मी इथे न बोललेलंच बरं.

इंजिन दीड लिटरचं, १०५ पीएस. घाटात ओव्हरटेक करायचा तर आधी गिअर उतरवावा लागतो. कच्च्या वाटेवर मात्र जोर कमी आणि सावकाशी जास्त लागते. गाडी थांबवून छोटा दांडा फोर-लोवर (चारही चाकांना जोर, पण कमी वेग) टाकला की सगळे गिअर जवळपास दुप्पट खालचे होतात. ओल्या लाल मातीच्या उतारावर ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. इथे पहिला गिअर टाकून पाय बाजूला ठेवायचा, इंजिनच तिला धरून माणसाच्या चालीने उतरवतं. एक चाक हवेत उचललं गेलं तर यंत्रणा त्याच चाकाला ब्रेक लावते आणि जोर जमिनीवरच्या चाकाकडे जातो. तेव्हा खालून कटकट आवाज येतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडू नका.

डांबरीवर आलात की आठवणीने टू-हाय (फक्त मागच्या चाकांना जोर). मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसल्यामुळे चारही चाकांना जोर असताना कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात.

ओढा दिसला की मी आधी पायी उतरून तळ बघतो. एकदा काठावरचे मामा म्हणाले, "गाडी जाईल वो, पर वर पाऊस धरलाय. माघारी कशी येनार?" तिथूनच वळवली. तेही तीन-चारदा पुढे-मागे करून, कारण टर्निंग रेडियस ५.७ मीटर आहे.

महामार्गावर स्टिअरिंग सुस्त वाटतं. पुढेमागे सलग अ‍ॅक्सल (डावं-उजवं चाक एकाच दणकट आसाने जोडलेलं) म्हटल्यावर ते आलंच. रोज हिंजवडी गाठायची असेल तर दुसरी गाडी बघा. डिकी २०८ लिटरची, त्यात हवेचा छोटा कंप्रेसर आणि ओढायचा दोर कायम असतो. चौघं निघालो की जेवणाचे डबे मांडीवर.