एसटीसी-१००० कंट्रोलर + जुना सिंगल डोअर फ्रिज: नागपूरच्या हवेत घरी आंबवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

राजेहो, घरी कोंबुचा (आंबवलेला चहा) नाहीतर जिंजर एल (आल्याचं आंबवलेलं पेय) करत असाल आणि नागपुरात राहत असाल तर हे वाचाच. बिअरबद्दल बोलत नाहीये, ती आपल्याकडे परवान्याशिवाय घरी करता येत नाही, पण हा एसटीसी-१०००, म्हणजे सेन्सरने टेम्परेचर बघून फ्रिज अन् हीटर आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर, जगभर फेमस झाला तो घरी बिअर करणाऱ्यांमुळेच, कारण एल प्रकारच्या बिअरला साधारण १८ ते २२ डिग्री लागतं, लागर प्रकारच्या बिअरला ९ ते १३, आणि ते दिवसरात्र एकसारखं सांभाळावं लागतं. कोंबुचाला २४ ते २९ चालतं. आता आपल्या गावात हे टेम्परेचर आपोआप किती दिवस मिळते सांगा? मे मध्ये बाहेर ४५ आणि स्वयंपाकघरात ३८, अन् थंडीत एकदम उलटं, २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ वर गेलं होतं. म्हणजे आपल्याला थंड करणारं पण पाहिजे अन् गरम करणारं पण, आणि एसटीसी-१००० मध्ये दोन्हीसाठी रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) आहेत, म्हणून मला हा इतका आवडतो.

ज्यांना खर्च नकोच त्यांनी एप्रिल-मे मध्ये बरणी पाण्याच्या परातीत ठेवून तिला ओला सुती कपडा गुंडाळा आणि वरून टेबल फॅन सोडा. ४४ डिग्री आणि १५ टक्के दमट हवा असेल तर ओला कपडा हिशोबाने २३-२४ पर्यंत उतरू शकतो, बरणी प्रत्यक्षात त्याच्या दोन-तीन डिग्री वर राहते, म्हणजे कोंबुचाला एकदम बरोबर. पण जूनमध्ये पाऊस लागला की कूलर जसा चिपचिप करतो आणि गार करत नाही तसंच याचं होते, हवेतच ओल असली की कपडा वाळतच नाही. वर्षभरासाठी फ्रिजच पाहिजे.

कंट्रोलर ऑनलाइन हजाराच्या आत येतो. घेताना २२० व्होल्टचाच बघून घ्या, १२ व्होल्टवाला पण दिसायला सेम असतो. आणि हा नुसता कंट्रोलर आहे, डबा नाही, प्लग नाही, मागचे टर्मिनल उघडे. १-२ वर सप्लाय, ३-४ वर सेन्सर, ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग. रिले स्वतः करंट देत नाही, फक्त स्विचसारखा जोडतो-तोडतो, त्यामुळे फेज वेगळी वळवून द्यावी लागते. इलेक्ट्रिशियनकडून प्लास्टिकच्या डब्यात दोन थ्री-पिन सॉकेट टाकून, अर्थिंग देऊनच करून घ्या, इथे पैसे वाचवू नका. तयार सॉकेटवालं पाहिजे असेल तर इंकबर्डचा आयटीसी-३०८ आहे, महाग पडतो, आणि बाहेरून मागवला तर पिन आपल्या बोर्डात बसेल का ते आधी पाहून घ्या.

सेटिंग चारच आहेत. एफ१ म्हणजे पाहिजे ते टेम्परेचर, मी २६ ठेवतो. एफ२ म्हणजे किती फरक पडल्यावर चालू व्हायचं, तो १ ठेवा, कंपनीचा ०.५ येतो, त्याने फ्रिज सारखा चालू-बंद होतो. एफ३ सगळ्यात महत्त्वाचं, कंप्रेसर बंद झाल्यावर परत सुरू व्हायला किती मिनिटं थांबायचं, ते ५ करा. गॅसचं प्रेशर बसायच्या आत कंप्रेसर परत ओढला तर तो जळू शकते, आणि जुन्या फ्रिजमध्ये तोच एक जपण्यासारखा पार्ट असतो. एफ४ कॅलिब्रेशन, त्यासाठी कुटलेल्या बर्फात थोडं पाणी टाकून प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) बुडवा, ० दाखवायला पाहिजे, नसेल तर तेवढा फरक भरा. फ्रिजचा स्वतःचा नॉब फुल कूलवर, नाहीतर दोन थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडत बसतील.

प्रोब फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नका. बरणीच्या अंगाला चिकटवा आणि वरून थर्माकोलचा तुकडा टेपने दाबून लावा. आपल्याला हवेचं टेम्परेचर नकोय, आतल्या चहाचं पाहिजे, आणि आंबताना आतलं हवेपेक्षा थोडं जास्त असू शकते. एवढं केलं तरी कंप्रेसरच्या फेऱ्या कमी होतात.

गरम करायला २०-२५ वॅटची हीटिंग मॅट भरपूर झाली, फ्रिज स्वतःच इन्सुलेटेड असतो. मॅट बरणीखाली नको, तळाला यीस्टचा गाळ बसतो तो सरळ तापतो, बाजूच्या भिंतीला लावा. बल्बची आयडिया नका करू, एलईडी गरमच करत नाही आणि उजेड कोंबुचाला चालत नाही.

फ्रिज जुना डायरेक्ट कूलच घ्या, कबाडीवाल्याकडून किंवा ओळखीतून, पण नेण्याआधी तासभर चालवून बघा. दारात नोट अडकवून ओढा, सहज निघून आली तर रबर गेलंय, आधी ते बदला. फ्रिजरखाली ट्रे ठेवा, तिथून टपकणारं पाणी बरणीच्या तोंडावर बांधलेल्या कापडावर पडलं की बुरशी. आतून दर आठवड्याला व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. मागची जाळी आपल्याकडच्या धुळीने लवकर बुजते, उन्हाळ्यात ब्रशने साफ करा आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवा. बाल्कनीत तर ठेवूच नका, लू मध्ये कंप्रेसरला उष्णता फेकायला जागाच राहत नाही. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. आणि कोंबुचाला हवा लागते, म्हणून दिवसातून एकदा दार उघडून मिनिटभर तसंच राहू द्या.

रिले १० अँपिअरचा आहे, छोट्या फ्रिजला पुरतो. यावर एसी लावू नका.