डिझेल इंजिनाचं वेड आहे. मग स्टिअरिंग धरायचं की पाना?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींचं कास्टिंग, गुजरातला जाणारा गूळ, साखरेची पोती. कोल्हापुरातून गाड्या रोज भरून निघतात, त्यामुळे इथं ड्रायव्हरलाही काम आहे आणि मिस्त्रीलाही. नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखणारी पोरं बहुतेक वेळा ड्रायव्हर व्हायचं ठरवतात. आमच्या मते निवड तिथंच चुकते. इंजिन आवडणं वेगळं आणि रस्ता आवडणं वेगळं.

पूर्वी हा फरक एवढा नव्हता. टाटाचं जुनं ६९७ (सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, म्हणून ६९७) वाटेत बंद पडलं, तर ड्रायव्हरच डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा काढायचा. इंजिन मिस मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसेल, तर ते चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला करायचा. ज्याचा नट सोडला तरी आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. हाच प्रयोग आजच्या कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोझलना एकाच पाइपातून जबर दाबाचं डिझेल) करू नका. तिथं दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून थेट आत घुसते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं, त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी), युरिया (धुरातला विषारी वायू कमी करायला त्यात फवारायचं द्रावण) आणि सेन्सर आले. आता डॅशबोर्डवर दिवा लागला की ड्रायव्हर बहुतेक वेळा फोनच लावतो.

मग ड्रायव्हरच्या हातात इंजिनाचं काय उरतं? ते चालवायचं कसं, हे उरतं. आणि ते काम सोपं नाही. करूळ घाट उतरताना चढायला जो गिअर लागला असता तोच ठेवायचा, एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाकरवीच गाडी रोखणारा) लावायचा आणि ब्रेकच्या हवेच्या काट्यावर नजर ठेवायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे अजून भेटतात. त्यात वाचत काहीच नाही. कॉमन रेल इंजिन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पूर्ण तोडतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं डिझेल पीत राहतं. वर इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासे होतात.

युरियाचंही तसंच. तो डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के लागतो. बेंगळुरू सहाशेच्या आसपास किलोमीटर. भरलेल्या दहाचाकीनं लिटरला चार दिले, तर दीडशे लिटर डिझेल आणि सात-आठ लिटर युरिया. स्वस्तातला भेसळीचा युरिया ओतला की युरियाच्या नोझलवर पांढरे खडे धरतात, सेन्सर तक्रार करतो आणि गाडी ताकद सोडते, तीही नेमकी खंबाटकीच्या चढावर. युरिया चुकून डिझेलच्या टाकीत गेलाच, तर चावी फिरवायची नाही. टाकी रिकामी करून धुवायची.

मिस्त्रीचं काम मापाचं. कमिन्सच्या ६बीटी या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, घ्या. इंजिन थंड हवं. इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५० मिमी. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-५-३-६-२-४, म्हणून क्रँक फिरवत सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसले की एक नंबरचे सेट करायचे. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) हलक्या घासानं सरकला पाहिजे. फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, सीट जळते, कॉम्प्रेशन जातं. जास्त राहिली तर टिकटिक ऐकू येते. हे ज्याला रोज करावंसं वाटतं, त्यानं गॅरेज धरावं. पण पुढं फक्त पान्यावर भागणार नाही. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) आणि वायरिंग शिकावंच लागेल.

शरीराची किंमत दोन्हीकडे आहे. ड्रायव्हरची कंबर, झोप आणि साखर. मिस्त्रीचे गुडघे आणि जळक्या ऑइलनं खराब होणारी कातडी. केबिनची तगमग थोडी कमी होईल, कारण १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी सक्तीचा आहे. घरी जेवायला मिळणं हे मात्र मिस्त्रीकडेच. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रक रांगेत उभे असतात, तेव्हा तेही वेळेवर नाही.

कागदपत्रांचा हिशेब मात्र थेट उत्तर देतो. ट्रान्सपोर्ट लायसनला वय २० पूर्ण लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्ष जुनं हवं. शिक्षणाची अट २०१९ मध्ये गेली. लायसन दर पाच वर्षांनी वैद्यकीय दाखल्यासह नवं करायचं. दहावीनंतर आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड एक वर्षाचा, मोटर व्हेईकल दोन वर्षांचा. म्हणजे सोळाव्या-सतराव्या वर्षी आयटीआय, मग ॲप्रेंटिस, अठराला हलकं लायसन. वीस लागेपर्यंत नाहीतरी थांबायचंच आहे, तेवढ्यात हातात कसब येतं. उलट क्रमानं, तिशीत संसार सांभाळून गॅरेजात हेल्परपासून सुरुवात करणं फार कमी जणांना जमतं.

ड्रायव्हरकीच ठरली, तर पगाराचा आकडा नंतर विचारा. आधी हे विचारा: भत्ता किलोमीटरवर की फेरीवर? परतीचं भाडं मिळेपर्यंत गाडी उभी राहिली तर त्या दिवसांचं काय? ॲव्हरेज कमी पडलं तर डिझेल कुणाच्या अंगावर? ओव्हरलोडचा दंड कोण भरणार? हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि मूळ लायसन मालकाकडे ठेवायला देऊ नका.